राजा शोक करतो

आता मला एक सांगा, माणसानं भरवसा ठेवायचा तरी कोणावर? गिऱ्हाइकावर ठेवावा, तर ते "आलोच फिरून" म्हणून जातं आणि पुढच्या लग्नसराईत उगवतं. आरशावर ठेवा म्हणाल, तर माझ्या दुकानात पुरुषभर उंचीचा आरसा आहे. रोज सकाळी शटर वर केलं की त्यात पहिलं तोंड माझंच दिसतं. आणि तरीही, काय सांगू तुम्हाला, यंदाच्या दुर्गोत्सवात, भर मंडपात, अख्ख्या पांढरकवड्यासमोर मी स्वतःला ओळखलं नाही!

हसू नका. बसा नीट, चहा येऊन राह्यला. पहिल्यापासून सांगतो.

आपलं दुकान कापडाचं. साड्या, लुगडी, शर्टाचं कापड, सगळं. शिक्षण म्हणाल तर आठवी, पुढचं सगळं रद्दीनं शिकवलं. वडिलांच्या काळी कापड गुंडाळून द्यायला रद्दी यायची. मी गुंडाळायच्या आधी ती वाचून काढायचो. गिऱ्हाईक ताटकळायचं, बाप ओरडायचा, पण माझा कागद काही खाली व्हायचा नाही. त्या रद्दीत एकदा एक जुनं नाटक सापडलं. मुखपृष्ठ फाटून गेलेलं, म्हणून नाव नाही, लेखक नाही. पण नाटक अस्सल! शेवटी रडवणारं.

गोष्ट अशी. एक राजा असतो. राणीवर त्याचा फार जीव, पण तिचं एक वाक्य काही पुरतं ऐकून घेणार नाही. ती तोंड उघडते न उघडते तोच म्हणतो, "आम्हांस ठाऊक आहे!" प्रधान राणीबद्दल त्याचे कान भरतो. राणी खरं काय ते सांगू पाहते, राजा ऐकत नाही आणि तिला विषाचा पेला पाठवतो. ती पिते. आणि मग खरं कळतं! शेवटच्या पानावर तीनच शब्द छापलेले: "राजा शोक करतो." खाली पडदा.

ते नाटक मी जपून ठेवलं होतं. उगाच. कधी लागेल असं वाटलंही नव्हतं.

आता आमच्या मंडळाची रीत अशी, की नवरात्रात एका रात्री नाटक व्हायचंच. मी लहान होतो तेव्हा राण्यासुद्धा पुरुषच व्हायचे. मिशा काढून, पदर घेऊन असे काही लाजायचे की बाया बघत बसायच्या. आता दिवस फिरले. राण्या पाहिजे तेवढ्या मिळतात, पण राजा मिळत नाही. एक पुण्याला कंपनीत, एक ट्रक घेऊन हैदराबादच्या रस्त्याला, आणि जो गावात उरला त्याचे गुडघे दुखतात. अध्यक्ष म्हणाले, "जाऊ द्या, यंदा ऑर्केस्ट्रा आणू."

तर मागून आवाज आला, "आमी करतो नाटक."

मी वळून पाहिलं. आमचीच मंडळी! शोभा, म्हणजे माझी बायको.

अध्यक्ष गोंधळले. "म्हंजे, नुसत्या बाया?"

"हो, नुसत्या बाया."

"बरं आहे वहिनी. छोटंसं काहीतरी हसवाचं बसवा."

"हसवाचं नाही," शोभा म्हणाली. "रडवाचं."

अध्यक्ष म्हणाले, "पाहा बाप्पा! लोकं रडायच्या जागी हसले, तं पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा. मंग मले बोल लावू नका."

घरी येताना मी तिला म्हटलं, "काहून गळ्यात घालून घेतलं हे?"

ती म्हणाली, "मिशी लावलेली बाई पाह्यली का लोकं तोंडावर रुमाल धरते, हसू दाबाले. मले एकदा तो रुमाल डोयाले लावाले लावाचा आहे."

आता यावर नवऱ्यानं काय बोलावं? मी पेटीतून ते जुनं नाटक काढून दिलं, आणि जाहीर करून टाकलं, की दिग्दर्शक मी. कोणी विचारलं होतं का? नाही. पण गावात नाटक माझ्याइतकं कोणी वाचलं होतं का?

राणीच्या कामाला अंगणवाडीच्या जयश्रीताई, बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या. डोळे असे, की नुसतं पाहिलं तरी समोरच्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलं. आणि राजा कोण? तर शोभा. उंची आहे, आवाज आहे. मागच्या गोदामातून तिनं हाक मारली की रस्त्यावरचं गिऱ्हाईकसुद्धा दचकून "आलो" म्हणतं.

पहिल्याच तालमीत मी पुरुष म्हणजे काय ते शिकवायला घेतलं. छाती पुढं, मान वर. "पुरुष म्हंजे पहाड! असा चालते. असा हसते, हाऽ हाऽ हाऽ!"

शोभानं करून पाहिलं. बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

शोभा म्हणाली, "अहो, असा माणूस मी जनमात नाही पाह्यला. असा हसला तं कुत्रे भुकतीन मांगं. मी आपली खरा माणूस पाहूनच करीन."

मी म्हटलं, "शाबास! कर निरीक्षण! कलाकारानं डोळे उघडे ठेवले पाह्यजे!"

माझ्या तोंडानं बोललो हो मी हे! माझ्या स्वतःच्या!

दुसऱ्या दिवसापासून शोभा दुपारची दुकानात येऊन बसायला लागली. मांडीवर सूप, त्यात तुरीची डाळ निवडणं चालू, आणि नजर तिरपी. मी गल्ल्यावर, ती माझ्या पलीकडे, आणि समोर रस्त्यापार आमच्या दिगांबरभाऊंचं हार्डवेअरचं दुकान. मला वाटलं, बाई रस्त्यापार पाहून राह्यली. आता मधात मी बसलेलो आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माणूस स्वतःला पारदर्शक समजतो, दुसरं काय!

आठवड्यानं तालमीत राजा आला. आणि काय सांगू, खरंच आला! मिशी नव्हती, मुकुट नव्हता, तरी आला. सिंहासनाशी येऊन थांबला, खाली वाकला आणि बसायच्या आधी त्यानं सिंहासनावर जोरात फुंकर मारली. धूळ उडवून मगच बसला. मग शेजारच्या राज्याचा वकील आला, तर राजानं निरोप ऐकता ऐकता त्याचा अंगरखा चिमटीत धरला आणि कापड अंगठ्यानं चोळून पाहिलं. राणी म्हणाली, "महाराज, मला एवढंच..." तर राजा लगेच, "आम्हांस ठाऊक आहे!" आणि मानेला एक झटका.

मी म्हटलं, "थांबा, थांबा! असा कोणता राजा असते वं? शत्रूचा वकील समोर उभा, अन् हा त्याचं कापड चोळून राह्यला?"

बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. जयश्रीताईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"कोनाचं पाहून केलं हे?"

शोभा खाली पाहून म्हणाली, "आहे एक. रोज दिसते."

"दुकानदार?"

"हो."

"आपल्याच रस्त्यावरचा?"

"हो ना जी. अहो, तो म्हंजे..."

"नाव नको घेऊ! समजलं मले."

"पुरतं बोलू तं देसान का? तो..."

"मले माहीत हाय!" मी म्हटलं. आणि मान झटकली.

आता तुम्ही असे पाहू नका माझ्याकडं. तुम्हाला कळलं, कारण तुम्ही बाहेरून पाहून राह्यले. मी आत होतो.

माझ्या मनात गणित पक्कं बसलं, की हा राजा म्हणजे समोरचे दिगांबरभाऊ. कापड चोळतो म्हणता? अहो, लोखंडी पत्रा विकणारा माणूस, जाडी पाहायची सवय बोटाला लागलेली, दिसेल ते चिमटीत धरणारच! फुंकर मारतो म्हणता? हार्डवेअरच्या दुकानात धूळ नसणार तर काय अत्तर असणार? सगळं फिट्ट बसलं.

मग मला काळजी पडली. इतक्या वर्षांचा शेजारी! भर मंडपात त्याची नक्कल होणार, बिचाऱ्याला काय वाटेल? माणुसकी म्हणून मी स्वतः त्यांच्या दुकानात गेलो. स्टूल पुढं ओढलं, त्यावर फुंकर मारली आणि बसलो.

"दिगांबरभाऊ, एक नाजूक गोष्ट आहे. राग मानसान नाही ना?"

"बोला मनोहरभाऊ."

"आमच्या नाटकात राजा आहे. थोडा हेकट आहे. आपल्या बायकोचं ऐकत नाही. अन् त्याच्या लकबी..." मी जवळ सरकलो, त्यांच्या सदऱ्याची बाही हातात घेतली, "त्याच्या लकबी थोड्या तुमच्यावर गेल्या आहेत."

दिगांबरभाऊंनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग बाहीकडं. मग त्यांना असा ठसका लागला, असा लागला, की पाणी आणावं लागलं.

"माह्यावर?"

"तुमच्यावर. पन मनाले लावून घेऊ नका."

डोळे पुसत ते म्हणाले, "नाही नाही, कायले लावू? तुमी म्हनता तं मीच हावो तो. मीच तो, जा."

काय मोठ्या मनाचा माणूस! मी भारावून गेलो. मग मी चहावाल्याला सांगितलं, सलूनवाल्याला सांगितलं, टेलरला सांगितलं: "राजा पाहून हसू नका बरं, दिगांबरभाऊले वाईट वाटन." सगळे माना डोलवायचे आणि मी वळलो की दुकानातून हसण्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, दिगांबरभाऊंवर हसतात. माणसं किती निर्दयी असतात, असा विचार करत मी घरी यायचो.

आणि एवढ्यावर मी थांबलो का? मी दिग्दर्शक! मी शोभाला सुधारणा सुचवायला लागलो. "फुंकर जरा आनखीन जोरात मार. त्याहीची फुंकर म्हंजे धूळ अदिलाबादले जाते." ती निमूट मारायची. "अन् मान झटकल्यावर मिशीले बोट लाव. हेकट मानसं लावते." असं म्हणताना माझं बोट कुठं होतं, ते सांगायची गरज आहे का?

पण एका जागी गाडी अडली. शेवटची. "राजा शोक करतो."

मी करून दाखवलं. छाती बडवली, गुडघ्यांवर पडलो, "हे राणीऽऽ" असा टाहो फोडला. बाया पुन्हा हसल्या. शोभा हसली नाही. तिनं विचारलं, "तुमी रडता का असे कधी?"

"मी कायले रडू? पुरुष रडते का कुठं?"

"मंग राजा काहून रडन?"

"इथं लिहून आहे म्हनून!" मी पुस्तक पुढं केलं.

रोज तालमीत तिथवर आलं की ती नुसती उभी राहायची. हात कुठं ठेवावे तेही तिला कळायचं नाही. एकदा घरी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "पुरुषाचा राग पाह्यला मी. गुर्मी पाह्यली. ते सारं येते करता. पन दुःख? ते तुमी लोकं कुठं ठेवता, कोनास ठाऊक. दिसलंच नाही तं करू कशी?"

तव्यावरची पोळी करपली.

नाटकाची रात्र आली. मंडप गच्च भरला. तांड्यांवरून माणसं आली, हायवेच्या ढाब्यावर ट्रक लावून ड्रायव्हर आले. अध्यक्ष पहिल्या रांगेत, चेहऱ्यावर ऑर्केस्ट्रा. मी दिगांबरभाऊंसाठी माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. म्हटलं, बिचाऱ्याला आधाराला कोणी पाहिजे.

पडदा उघडला. राजा आला. मिशी, मुकुट, तलवार. मंडप चिडीचूप. माझी छाती फुगली.

राजा सिंहासनाशी आला, वाकला आणि फूऽऽ!

मागून कोणीतरी खुसखुसलं. मी हळूच दिगांबरभाऊंना म्हटलं, "धीर धरा."

वकील आला. राजानं त्याचा अंगरखा चिमटीत धरला आणि चोळून पाहिला. मंडपात हशा फुटला. मी दिगांबरभाऊंकडं झुकलो आणि म्हटलं, "हुबेहूब तुमी हो! अगदी हुबेहूब!"

दिगांबरभाऊ शांतपणे म्हणाले, "मनोहरभाऊ, पयले माही बाही सोडा."

मी खाली पाहिलं. माझा अंगठा, माझं बोट, आणि मधात दिगांबरभाऊंच्या सदऱ्याचं कापड. टेरिकॉट. हलकं. त्या घडीलासुद्धा मनात आलं, की फसवलं यांना कोणीतरी.

आणि मग डोक्यात उजेड पडला.

मी मान वर केली. लोक मंचाकडं पाहतच नव्हते. सगळा मंडप माझ्याकडं पाहून हसत होता! चहावाला, सलूनवाला, टेलर, सगळे. तेवढ्यात मंचावरून राजा ओरडला, "आम्हांस ठाऊक आहे!" आणि मिशीला बोट लावलं. माझ्या मागची एक म्हातारी हसून हसून म्हणाली, "अगं माय वं, मनोहरशेठच आला ना हा!"

पुढचा अंक मी कसा बसून काढला ते माझं मला माहीत. कान असे तापले होते, की त्यावर पापड भाजले असते. मध्यंतर होताच तडक पडद्यामागं गेलो. मनात वाक्यं तयार. नवऱ्याची अब्रू वेशीवर टांगली! सगळ्या गावात मला वेडा केलं!

आत शोभा एका लोखंडी पेटीवर बसली होती. मुकुट मांडीवर. मिशीची एक बाजू घामानं सुटून लोंबत होती.

"लोकं हसले," ती म्हणाली. "आता शेवटी रडनार नाही कोनी. झालं, पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा."

माझी सगळी वाक्यं कुठं गेली देव जाणे. माझी अब्रू तिच्या गावीही नव्हती. तिला तो शेवट खात होता.

मी डिंकाची बाटली उचलली, तिची हनुवटी धरली आणि मिशी नीट चिकटवून दिली. इतक्या वर्षांत बायकोची हनुवटी अशी उजेडात धरायची वेळ कधी आली होती? आणि आली ती मिशी लावायला!

"तुह्यावर नाही हसले वं ते," मी म्हटलं. "माह्यावर हसले. तू बरोबर करून राह्यली."

तिनं वर पाहिलं. "रागावले नाही?"

"रागावलो होतो. येता येता रस्त्यात सांडला."

ती जरा हसली. मग म्हणाली, "शेवटचं मले सुचलं आता. बसल्या बसल्या आठवलं. पन सांगत नाही, तुमी सुधारना करसान."

मी जाऊन माझ्या जागेवर बसलो.

आता ऐका, खरी गंमत इथंच आहे. राजा तोच, लकबी त्याच, पण दुसऱ्या भागात कोणी हसेना. राणी हात जोडून म्हणाली, "महाराज, माझं एक वाक्य, एकच, शेवटपर्यंत ऐकाल?" जयश्रीताईंचे डोळे सांगितलेच तुम्हाला. राजानं मान झटकली. "आम्हांस ठाऊक आहे." पहिल्या अंकात याच वाक्यावर मंडप लोळला होता. आता माझ्या बाजूची बाई पुटपुटली, "अरे मेल्या, आयक ना एकडाव तिचं." मला वाटलं, मलाच म्हणाली.

खोटं कशाला सांगू? मलाच म्हणाली असती तरी चाललं असतं.

राणीनं पेला उचलला, प्याली आणि कोसळली. जयश्रीताईंची लहानगी पुढं सतरंजीवर बसली होती, ती ओरडली, "याडीऽऽ!" त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. मेलेल्या राणीनं एक हात हळूच उचलला, लेकीला 'चूप बस' अशी खूण केली आणि पुन्हा मेली. थोडं हसू उमटलं आणि विरलं.

मग प्रधानाचं कपट उघडं पडलं. सगळे निघून गेले. मंचावर राजा आणि राणीचं प्रेत.

राजा शोक करतो.

शोभा उभी राहिली. नुसती उभी. तालमीत राहायची तशीच. विसरली! अध्यक्ष घड्याळ पाहायला लागले.

मग ती हळूच वाकली. राणीनं मरायच्या आधी साडीवरून पांघरलेला शालू उतरवून ठेवला होता, नऊवारी, माझ्याच दुकानातला. राजानं तो उचलला आणि त्याची घडी करायला लागला.

तुम्ही कधी नऊवारीची घडी केली आहे का? एकट्यानं होत नाही हो ती! एक टोक हातात घ्यावं तर दुसरं जमिनीवर लोळतं. काठ जुळवायला जावं तर मध्ये पोट सुटतं. राजानं टोक धरून झटका दिला, शालू पसरला आणि घसरला. राजानं पुन्हा उचलला. पुन्हा काठाशी काठ लावायला गेला. पुन्हा घसरला. मंडपात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, अशी शांतता.

आणि अशा त्या शांततेत, काय सांगू तुम्हाला, माझ्यातला कापडवाला उठून उभा राह्यला! मी नाही उठलो हो, तो उठला! जन्मभर ज्या हातांनी साड्यांच्या घड्या केल्या, त्या हातांना ते पाहवेना. आणि मी खणखणीत आवाजात ओरडलो:

"अवं, एकटीनं नाही होत ते! दुसरं टोक धराले कोनाले तरी बोलाव!"

सगळा मंडप वळला. राजाला "अवं"! राजाला "एकटीनं"! दिगांबरभाऊंनी माझा सदरा धरून मला खाली ओढलं. अध्यक्षांनी कपाळावर हात मारला. मला वाटलं, संपलं. बायकोनं इतक्या दिवसांत जे उभं केलं, ते मी एका हाकेत पाडलं. आता हसतील. आता जो हशा उठेल, तो तिला जन्मभर पुरेल.

राजानं मान वर केली. थेट माझ्याकडं पाहिलं. घाई नाही, गोंधळ नाही. मग खाली राणीकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला:

"दुसरं टोक धरणारी इथं निजली आहे."

आणि पुन्हा घडी करायला लागला. पुन्हा घसरली.

कोणी हसलं नाही.

आधी बायांच्या बाजूनं एक हुंदका आला. मग दुसरा. मग मागं उभा असलेला एक दांडगा ट्रकवाला गमछ्यात तोंड घालून असा फुंदायला लागला, की त्याच्या क्लीनरनं त्याला धरलं. रुमाल निघाले, पदर निघाले. दिगांबरभाऊ त्याच बाहीनं डोळे पुसत होते. मंचावर मेलेल्या राणीची छाती हुंदक्यांनी वरखाली होत होती, आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

आणि मी? मला समोरचं दिसेनासं झालं होतं. कारण मला कळलं होतं, हे शोभाला कुठून आठवलं.

माझी आई गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. तेरवी झाल्यावर आतल्या खोलीचं दार लोटून तिची लुगडी आवरायला बसलो. एकाही लुगड्याची घडी बसेना. मोडायचो, पुन्हा करायचो. उन्हं कलली तरी तेच. मला वाटलं होतं, कोणी पाहत नाही. मग दार उघडलं, शोभा आत आली, तिनं लुगड्याचं दुसरं टोक धरलं. आम्ही सगळ्या घड्या केल्या. त्यावर ती कधी बोलली नाही, मीही नाही. मी तर विसरूनच गेलो होतो. तिनं पाहिलं होतं. आम्ही लोक दुःख कुठं ठेवतो, ते तिला ठाऊक होतं.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. अध्यक्ष नाक शिंकरत मंचावर गेले आणि माईकवर म्हणाले, "पुढच्या वर्षीची रात्र बायायचीच! ऑर्केस्ट्रा गेला खड्ड्यात!"

आता तुम्हाला वाटेल, फजिती इथं संपली. नाही हो! इथून सुरू झाली!

लोक मला येऊन भिडले. "मनोहरभाऊ, काय डायरेक्शन! प्रेक्षकात बसून ओरडाचं, अन् राजानं उत्तर द्याचं! नागपूरलेही असं कोनी करत नाही! कसं सुचलं तुमाले?"

आता मी पडलो व्यापारी. आयतं आलेलं कोण सोडतो? तोंड उघडलं होतं मी. "हो, ते आमी ठरवलंच..." एवढ्यात दिसलं, अध्यक्षांच्या मागं शोभा उभी. मुकुट काखेत, मिशी अर्धी सुटलेली. मी काय बोलतो ते ऐकत होती.

मी वाक्य गिळलं आणि म्हटलं, "नाही हो. मी येड्यासारखा ओरडलो. सवयीनं. ते वाक्य पुस्तकात नाही. तिचं आहे, तिनं उभ्या उभ्या केलं."

अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पाहा! याले म्हनते मोठा कलाकार! श्रेय पन घेत नाही!"

"अहो, खरंच सांगून राह्यलो..."

"आमाले माहीत हाय!" सगळे एका सुरात म्हणाले आणि मला हार घातला!

शपथ घेतली, विनयशील ठरलो. चिडलो, तर थोर माणूस लहरी असतोच म्हणाले. दिगांबरभाऊंना साक्षीला ओढलं, तर ते म्हणाले, "मी कसा बोलू? मी तं राजा ना!" शोभा मिशी सोलत म्हणाली, "इतक्या वर्षांत तुमी पयल्यांदा माह्या बाजूनं खरं बोलले, अन् गावानं मानलं नाही. घाला हार, घाला."

तेव्हापासून रोज दुकानात कोणी ना कोणी येतं आणि "डायरेक्टरसाहेब" म्हणून हाक मारतं. मी खरं सांगतो, ते हसतात, साडी घेतात आणि जातात. मी थकलो हो.

म्हणून तुम्हाला एवढा वेळ बसवून घेतलं. तुम्ही बाहेरगावचे. हा किस्सा तुम्ही सांगणारच, वणीला सांगाल, उमरखेडला सांगाल, एसटीत शेजारच्याला सांगाल. खुशाल सांगा, तिखटमीठ लावून सांगा. पण एक विनंती आहे, हिशेब तेवढा चोख ठेवा. रडवलं ते शोभाच्या नावावर जमा करा. ओरडलो ते माझ्या नावावर लिहा. आणि कोणी म्हणालं, की मनोहरशेठनं ते मुद्दाम केलं, तर त्याला तिथल्या तिथं थांबवा आणि सांगा, की एवढी अक्कल त्या माणसाला नाही, हे त्यानं स्वतः सांगितलं आहे.